पुढच्या सायकलीवरचं केशरी फडकं

माणूस गेल्याची बातमी येते म्हणतात. माझ्याकडे ती हॉस्पिटलच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर आली. वॉर्डातली आया पदर सावरत रस्ता ओलांडताना दिसली आणि तिने तोंड उघडायच्या आधीच मी हातातला ग्लास खाली ठेवला. त्याच्या जरासं आधी मी दिगंबरला, माझ्या नवऱ्याला, म्हणाले होते, "खाली जाऊन चहा पिऊन येते," आणि तो म्हणाला होता, "बरं." तेवढा एक शब्द मागे ठेवून तो गेला. भेटायला येणारे हळूच विचारतात, शेवटचं काही बोलले का हो? मी सांगते, "बरं" म्हणाले. त्यांना वाटतं, बिचारीचं काहीतरी बोलायचं, ऐकायचं राहून गेलं. मला तसं वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगायलाच लिहायला बसले आहे.

आधी एक खुलासा करून टाकते. माझ्या पिढीतल्या बायकांसारखी मीही घरात नवऱ्याला "अहो" म्हणत आले. पण सायकलवर "अहो" चालत नाही. "अहो, ऐकलंत का, पुढे खड्डा आहे" एवढं वाक्य पुरं होईपर्यंत अहो खड्ड्यात गेलेले असतात. तेव्हा सायकलवर त्याचा झाला दिगू, जे नाव तोवर फक्त सासूबाईंच्या तोंडी होतं. सीटवर बसलं की दिगू आणि अरे-तुरे, पाय जमिनीला टेकला की पुन्हा अहो-जाहो, असं आमचं ठरूनच गेलं होतं. या लेखात मी त्याला दिगूच म्हणणार आहे. कुणाला खटकलं तर त्याने असं समजावं की बाई सायकलवर बसून लिहिते आहे.

लग्न झालं तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी डोंबिवलीतल्या एका शाळेत गणित शिकवत होते, तो ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. आमचं घर डोंबिवली पूर्वेला, तळमजल्यावर, मागे दोन पेरूच्या झाडांपुरती जागा. नव्या नवरीला कुणी माथेरानला नेतं, कुणी निदान सिनेमाला तरी नेतं. या गृहस्थाने मला मलंगगडाच्या पायथ्याशी नेलं, तेही सायकलवरून. माझ्या वहिनीची लेडीज सायकल माझ्यासाठी मागून आणली होती. नेवाळीच्या पुढे रस्ता संपून नुसती खडी लागली तेव्हा मी रडकुंडीला आले होते आणि हा पुढून आनंदाने ओरडत होता, "खडी! डावीकडून घे! म्हैस! खड्डा!" परत आल्यावर पाय सुजले, पण पुढच्या शनिवारी "उद्या कुठे?" असं मीच विचारलं. आमचं लग्न खऱ्या अर्थाने लागलं ते त्या प्रश्नावर, असं तो सगळ्यांना सांगायचा.

पुढच्याने रस्ता सांगायचा आणि मागच्याने "बरं" म्हणायचं, ही त्याची शिस्त तेव्हापासूनची. "बरं" आलं नाही तर पुढच्याने थांबायचं. एकदा एका बकरीला बघून मी हसत राहिले आणि "बरं" म्हणायला विसरले, तर हा अर्धा चढ उतरून मला शोधत खाली आला होता. रागावला नाही. पण "बरं" म्हणायला मी पुन्हा कधी विसरले नाही.

परदेशात डोंगर चढणाऱ्या सायकली निघाल्यात, जाड टायरच्या, आडव्या हँडलच्या, असं एक चित्र त्याने कुठल्याशा मासिकात पाहिलं आणि त्याच्या डोक्यात भुंगा शिरला. सुट्टीच्या दिवशी तो विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या भंगारवाल्यांकडे जाऊन बसू लागला. मागचं दात्यांचं चक्र मोठं, पुढचं लहान, टायर माल वाहणाऱ्या सायकलीचे, हँडल सरळ केलेलं, अशा दोन सायकली त्याने पेरूखाली उभ्या केल्या. पहिल्या चढावर माझी चेन तीन वेळा पडली. सासूबाई म्हणाल्या, "दुकानात मिळतात त्यांना काय काटे असतात का रे?" पण त्या सायकलींनी येऊरचा डोंगर चढला, बारवी धरणाच्या मागची जंगलवाट पाहिली. पुढे दुकानांत खऱ्याखुऱ्या गिअरच्या सायकली आल्या, त्याही आम्ही घेतल्या, तरी आपल्या हातच्या सायकलीचं कौतुक तो शेवटपर्यंत सोडत नसे. आपला तो बाब्या, दुसरं काय!

कुत्री आमच्याकडे आली ती अशीच, न बोलावता. आमच्याकडे गाडी नव्हती तेव्हा आम्ही सायकली एसटीच्या टपावर टाकून मुरबाडकडे जायचो. एकदा ठाण्याहून निघताना खोपटच्या डेपोत दिगू टपावर दोरी बांधत होता आणि मी खाली पिशव्या सांभाळत होते. एक तांबडं पिल्लू येऊन एसटीच्या दाराशी बसलं. ते प्रत्येक चढणाऱ्याकडे वर बघत होतं, तिकीट विचारल्यासारखं. कंडक्टरसाहेब पाय आपटून त्याला हाकलत होते आणि ते पुन्हा येत होतं. दिगू टपावरून ओरडला, "घे गं त्याला, पिशवीत टाक!" तो आमचा कंडक्टर. हे नाव बदलायचा मी खूप प्रयत्न केला, कारण एसटीत बसून कुत्र्याला "कंडक्टर, खाली बस!" म्हणणं बरं दिसत नाही. पण नाव चिकटलं. आम्हाला मूलबाळ झालं नाही. ते दुःख नव्हतं असं म्हणणार नाही. पण रविवारी सकाळी पेरूखाली कंडक्टरच्या गळ्यातला घुंगराचा पट्टा वाजू लागला की ते लांब जाऊन बसायचं.

कंडक्टर मोठा झाल्यावर एसटीत मावेना, तेव्हा एका केटरिंगवाल्याकडून जुनी मॅटॅडोर व्हॅन घेतली. तिच्या तळाला कितीतरी लग्नांची आमटी मुरली होती. पहिले काही महिने कंडक्टर धावायच्या ऐवजी गाडीचा पत्राच चाटत बसे. टपावर दोन सायकली, आत कुत्रा, चटई, पाण्याचा कॅन आणि डब्यात दशम्या... शनिवारी दुपारी कारखाना सुटला की हा ठाण्याहून परस्पर यायचा आणि संध्याकाळच्या आत आम्ही शहराबाहेर. घोडबंदर रोड तेव्हा असा होता की दोन सायकली शेजारी शेजारी चालवत गप्पा मारता येत. आता तिथे टॉवर उठायला लागलेत, ट्रकमागून ट्रक जातात, खरं वाटणार नाही. गायमुखच्या खाडीकाठी हिराबाय नावाची कोळीण आमची वाट बघायची. आमची म्हणजे खरं तर कुत्र्याची. सुक्या बोंबलाची डोकी ती त्याच्यासाठी राखून ठेवायची आणि मला झापायची, "काय गो बाय, दादला बी तुजा, कुत्रा बी तुजा, दोगांना पलवतेस नुसती. खाया घालतेस का नाय?" दिगू मान डोलवून म्हणायचा, "नाही घालत हो." मेला.

त्याच्या डोळ्यांचं आमच्याआधी कंडक्टरला कळलं असावं. तो नेहमी उंबऱ्यालगत आडवा झोपायचा. दिगूचा पाय त्याच्या शेपटीवर पडला, एकदा, पुन्हा एकदा, आणि त्याने ती जागाच सोडून दिली. कोपऱ्यात कपाटाखाली जाऊन झोपू लागला. आम्ही म्हटलं, उन्हाळा आहे. मग एका संध्याकाळी गायमुखहून परतताना दिगू रस्त्याच्या कडेच्या दगडावर आदळला. पांढरा रंग दिलेला, गुडघ्याएवढा दगड. मला तो स्पष्ट दिसत होता आणि त्याला दिसला नव्हता. गुडघा फुटला होता, पण तो गुडघ्याकडे बघतच नव्हता. दगडावरून हात फिरवत राहिला. पुढच्या रविवारी येऊरच्या पायथ्याशी सायकली उतरवल्यावर तो इतकंच म्हणाला, "आज तू पुढे हो." तोवर मी कधी पुढे झाले नव्हते. काही न विचारता मी पुढे झाले, आणि पहिल्या वळणावर मी ओरडले, "वळण!"

डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार आहे, अंधारात दिसणं आधी जातं, मग कडेचं दिसणं हळूहळू मिटत मधे येतं. औषध नाही. समोरचं मात्र बरीच वर्षं शाबूत राहील, ड्रॉइंगचं काम करता येईल. गाडी आणि सायकल बंद करा. दिगूने तिथेही "बरं" म्हटलं. मॅटॅडोरची चावी त्याने त्याच दिवशी माझ्या हातात दिली आणि मी एका महिन्यात तो खटारा चालवायला शिकले. शाळेच्या फाटकाशी ती लावली की मुलं टाळ्या वाजवायची. पण सायकल बंद करायचं नाव त्याने काढलं नाही. मीही काढलं नाही. किती दिसतं, असं मी विचारलं की तो माझा हात धरून म्हणायचा, "या बांगडीतून बघतो ना, तसं. बांगडीत आहे ते लख्ख, बाहेरचं काही नाही." पुढे एका वर्षी म्हणाला, बांगडी आता तुझ्या हातात जाणार नाही, शाळेतल्या पोरीची झाली.

मला भीती वाटत नव्हती का? वाटायची, रोज वाटायची. त्याचा जीव माझ्या मागे, माझ्या आवाजावर चालला होता. पण शनिवारी दुपारी त्याचा चेहरा बघितला की बंद करा म्हणायला जीभ उचलत नसे. शेवटी पेरूखाली बसून आम्ही एक अट घातली. माझ्या कॅरिअरला केशरी फडकं बांधायचं, माझ्या एका जुन्या साडीच्या पदराचं. ज्या दिवशी ते दिसेनासं होईल त्या दिवशी त्याने प्रामाणिकपणे सांगायचं आणि सायकल उभी करायची. तोवर सासूबाई मधे बोलायच्या नाहीत. त्या दारातूनच म्हणाल्या, "मी कशाला बोलू? तुम्ही दोघं माझं कधी ऐकलंय?" पण नंतर मी पाहिलं, त्याच्या ताटाकडे जाण्याच्या वाटेतून पाट, सांडशी, तांब्या असलं काही त्या राहू देत नसत. आणि राहिलंच तर स्वयंपाकघरातून हाक येई, "दिगू, पाट!" लगेच "बरं" यायचं.

ही सवय आमच्या इतकी अंगात भिनली की एकदा फजिती झाली. ठाण्याला भाच्याचं लग्न होतं, आशीर्वाद द्यायला आम्ही स्टेजकडे निघालो. भोवती सगळे नातेवाईक आणि नेमका सनईवाल्याने श्वास घेतलेला. मी पुढे होते. स्टेजच्या पायऱ्या आल्या आणि मी येऊरच्या चढावर ओरडावं तशी ओरडले, "दिगू, चढ!" मागून तितक्याच जोरात "बरं!" आलं. सगळा हॉल आमच्याकडे वळला. एका आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. नवऱ्याला एकेरी हाक, तीही अशी! घरी येताना गाडीत दिगू हसून हसून वाकला होता. पण त्या दिवशी नातेवाइकांत त्याच्या डोळ्यांची गोष्ट फुटली आणि "आता तरी सायकल सोडा" म्हणणारे वाढले. त्या सगळ्यांनाही तो "बरं" म्हणायचा. सायकलवरचं बरं निराळं आणि हे बरं निराळं, ते मला एकटीला ओळखू यायचं.

कंडक्टर म्हातारा होऊन गेला. त्याच्या आधीच जिलबी आली होती, शेपटीचं वेटोळं घातलेली, बारवीच्या वाटेवर आमच्या मागे लागून आलेली. घुंगराचा पट्टा तिच्या गळ्यात आला. ती कंडक्टरसारखी पुढे पळत नसे; आमच्या दोन सायकलींच्या मधे धावायची, आणि दिगू मागे पडला की थांबायची. मला वाटतं, दिगूला माझ्या आवाजाइतकाच त्या घुंगरांचा आधार होता.

बारवीच्याच वाटेवर तो रविवार आला. धरणाजवळ पोचून मी सायकल उभी केली, पाठ फिरवून पाणी प्यायले आणि मग पाहिलं तर कॅरिअरला नुसती सुतळी लोंबत होती. फडकं वाटेत कुठेतरी गळून पडलं होतं, किती मागे देव जाणे. दिगू तोवर पाठोपाठ पोचला होता. घाम पुसून म्हणाला, "आज तुझं फडकं काय झळकत होतं गं उन्हात!" म्हणजे अट मोडून गेली होती आणि तो खोटं बोलत होता. मी सुतळी सोडून पर्समध्ये टाकली. परत येताना गाडी चालवत मी मनात वाक्यं जुळवत होते, आता पुरे म्हणून. तो शेजारी बसून जिलबीचे कान कुरवाळत होता आणि खिडकीतून येणाऱ्या वासांवरून गावं ओळखत होता... वीटभट्टी, मग भाताची गिरणी, मग बेकरी. बेकरी आली तोवर माझी वाक्यं विरून गेली. शनिवारी मी त्याच पदराचा दुसरा तुकडा फाडून बांधला. फक्त त्यानंतर डांबरी रस्ता मी कायमचा सोडला. जिथे वाहन येत नाही अशा जंगलवाटाच धरल्या, वेग कमी केला, आणि पूर्वी खड्डा सांगायची ती आता दगड न् दगड सांगू लागले. घरी येईपर्यंत घसा बसायचा. सोमवारी वर्गात मुलं विचारायची, "बाई, सर्दी झाली?"

या वर्षी त्याच्या छातीत दुखलं, तेव्हा त्याची पन्नाशीही पुरी नव्हती, आमच्या लग्नाला पंचवीस वर्षंही झाली नव्हती. हॉस्पिटलात तिसऱ्या की चौथ्या दिवशी, दुपारी, वॉर्डात सगळे झोपलेले असताना तो एकदम म्हणाला, "बारवीला फडकं पडलं होतं ना तुझं?"

मी गारच पडले. "तुला कसं माहीत?"

"जिलबीनं उचललं. तोंडात धरून माझ्याबरोबर पळत होती. तू पाणी प्यायला वळलीस तेव्हा माझ्या हाताला लागलं, काढून खिशात घातलं."

"आणि मग झळकत होतं म्हणालास?"

"म्हटलं बघू, ही काय म्हणते. थांब म्हणाली असतीस तर थांबलो असतो. शप्पथ."

"मग तूच थांबायचंस की! दिसत नव्हतं तर."

तो हसला. "आधीच काही महिने दिसत नव्हतं. पण तू ओरडत होतीस ना..." मग थोड्या वेळाने म्हणाला, "काय गं, मघापासून अरे-तुरे चाललंय. सायकलवर आहोत का आपण?"

"हो," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, आणि डोळे मिटून पडून राहिला. मला खूप रडू आलं आणि खूप हसूही आलं. त्याला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे, आणि आम्ही दोघं इतके दिवस एकमेकांसमोर ते फडकं बांधत होतो! मी त्याला थांबवलं नाही, याची बोच मला मधूनमधून असायची. त्या दुपारी ती गेली. त्याला माझ्याकडून काय हवं होतं ते मी न विचारता दिलं होतं आणि ते त्याला पोचलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी चहाला जाताना आलेलं ते "बरं" मला पुरलं.

दिवसकार्य झालं. सासूबाई आता फार बोलत नाहीत, पण ताटं मांडताना वाट मोकळी ठेवण्याची सवय त्यांची गेलेली नाही. गेल्या शनिवारी मीच त्यांना सांगून मॅटॅडोर काढली. टपावर सवयीने दोन्ही सायकली चढवल्या. लक्षात आलं तेव्हा त्याची उतरवावीशी वाटली नाही. गाडीच्या पुढच्या खणात हवेच्या पंपाखाली ते फडकं सापडलं, जिलबीच्या दातांची भोकं पडलेलं. ते कॅरिअरला बांधलं. कुणाला दिसायचंय म्हणून बांधतेस, असं स्वतःलाच विचारलं, तरी सुतळीची गाठ दोनदा आवळली.

येऊरची वाट कोरडी होती. पहिलं मूळ आडवं आलं आणि माझ्या तोंडून गेलंच, "दिगू, मूळ!" मागून काही आलं नाही. "बरं" आलं नाही तर पुढच्याने थांबायचं, ही त्याची शिस्त. मी पाय टेकवून थांबले. बराच वेळ थांबले. जिलबीचे घुंगरू हळूहळू जवळ आले. मुळापाशी येऊन तिने वळसा घातला आणि माझ्या मागच्या चाकाशी येऊन उभी राहिली, जीभ बाहेर काढून. ती पुढे जाईना, मागेही जाईना.

मी पुन्हा सीटवर बसले. पुढे वाट खाली जात होती, सावलीची, पानांनी भरलेली.

"दिगू, उतार!" मी ओरडले. आणि मग, तो म्हणायचा तसंच, जरा जोरात, मीच म्हटलं, "बरं."